विशेषण : इंग्रजीतले, मराठीतले आणि आपल्या नावापुढचे

दर वर्षी जून महिन्यात आठवीचा नवा वर्ग हाती आला की मी मुलांना स्वतःविषयी इंग्रजीत दहा वाक्ये लिहावयास सांगतो. वसतिगृहात नव्याने आलेल्यांपैकी कोणी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातले असते, कोणी मुलुंडच्या डोंगरालगतच्या वस्तीतले, तर कोणी थेट मराठवाड्यातून आलेले. नाव आणि गाव झाले की तिसरे वाक्य बहुधा ठरलेले असते : 'आय ॲम अ पुअर बॉय.' कोणी शिकवलेले नसते, तरी ते येते. वर्षानुवर्षे हे वाक्य वाचत आलो आणि त्यातूनच या लेखाचा विषय सुचला.

मी मूळचा इतिहासाचा विद्यार्थी. शिक्षक कमी होते म्हणून इंग्रजीचे तास माझ्याकडे आले आणि ते कायमचेच राहिले. त्यामुळे व्याकरण मी पाठांतराने शिकवले नाही. हा नियम असा का झाला, कधी झाला, हे विचारीत शिकवले. या स्मरणिकेत पालक आहेत, माजी विद्यार्थी आहेत. पालकांना मुलांचा अभ्यास घेताना उपयोग व्हावा आणि माजी विद्यार्थ्यांना जुना फळा आठवावा, एवढ्या हेतूने इंग्रजीतील विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह कसे चालते, ते येथे मांडतो.

'ॲडजेक्टिव्ह' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ जवळ टाकलेले, जोडून ठेवलेले. जुने युरोपीय व्याकरणकार विशेषणाला स्वतंत्र जात मानीत नसत. नाम दोन प्रकारचे, एक स्वतःच्या पायावर उभे राहणारे आणि दुसरे त्याच्या आधाराने उभे राहणारे, असे ते म्हणत. संस्कृत परंपरेतही नाम आणि विशेषण यांची रूपे एकाच साच्यातून चालतात. आपल्या मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. ज्याच्याविषयी विशेषण बोलते त्या नामाला मराठी व्याकरणात 'विशेष्य' म्हणतात. हा शब्द मुलांनी लक्षात ठेवावा, कारण विशेषण दिसले की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो : हे कोणाविषयी बोलते आहे?

मराठी मुलाच्या इंग्रजी चुकांचे मूळ मराठीच्या समृद्धीत आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मराठीत आकारान्त विशेषण विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलते. निळा झेंडा, निळी टोपी, निळे निशाण, निळ्या पताका. नामाला प्रत्यय लागला की विशेषणही वाकते : 'मोठा मुलगा', पण 'मोठ्या मुलाला'. अशी विशेषणे विकारी. उलट 'लाल', 'सुंदर', 'हुशार' ही कोणापुढेही तशीच उभी राहतात, ती अविकारी. आपल्या रेल्वे स्थानकांवरची उद्घोषणा ऐका. 'जलद' आणि 'धीमी' ही दोन्ही लोकलची विशेषणे, पण 'जलद' कधी बदलत नाही आणि 'धीमी' मात्र लोकल स्त्रीलिंगी म्हणून ईकारान्त झालेली असते. अंधेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या निरक्षर आजीलाही हा नियम ठाऊक असतो, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते.

इंग्रजीत सर्वच विशेषणे अविकारी आहेत. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बुक्स', 'गुड' हलत नाही. मराठी घरातले मूल सवयीने ते हलवू पाहते आणि 'रेड्स फ्लॉवर्स' लिहिते. त्यावर लाल शाईने फुली मारण्याआधी शिक्षकाने एक गोष्ट जाणावी : हे मूल जुन्या इंग्रजीचे व्याकरण वापरीत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणे लिंग, वचन आणि विभक्ती यांप्रमाणे बदलत असत. शेवटची अक्षरे झिजू लागली होतीच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, राजदरबारात फ्रेंच आली, इंग्रजी सामान्य माणसांच्या तोंडी उरली आणि पुढच्या तीन-चार शतकांत हे सारे प्रत्यय गळून पडले. फ्रेंच राज्यकर्त्यांची एक खूण मात्र कायद्याच्या भाषेत राहिली. अंधेरी किंवा बोरिवलीच्या न्यायालयाबाहेर 'नोटरी पब्लिक' अशा पाट्या दिसतात. त्यात 'पब्लिक' हे विशेषण आहे आणि ते नामाच्या मागे आले आहे. 'ॲटर्नी जनरल' तसेच. म्हणून त्याचे अनेकवचन 'ॲटर्नीज जनरल' होते. स्पर्धापरीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रश्न हमखास चकवतो. अनेकवचनाचा प्रत्यय नामाला लागतो, विशेषणाला नाही, एवढे एक सूत्र धरले की चूक होत नाही.

आता विशेषणाच्या जागेविषयी. नामाच्या आधी येणाऱ्याला मराठी व्याकरणात अधिविशेषण म्हणतात आणि नामानंतर, क्रियापदाच्या आधाराने येणाऱ्याला विधिविशेषण. 'हुशार मुलगी' हे पहिले, 'ती मुलगी हुशार आहे' हे दुसरे. इंग्रजीत हाच भेद आहे आणि तिथे तो अधिक कडक आहे. काही विशेषणे फक्त नामानंतरच येतात. 'द चाइल्ड इज अस्लीप' चालते, 'ॲन अस्लीप चाइल्ड' चालत नाही, तिथे 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणावे लागते. 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अलोन' ही याच पंक्तीतली. उलट 'मेन' आणि 'फॉर्मर' नामाआधीच येतात.

याहून महत्त्वाचे असे की काही विशेषणांचा अर्थच जागेबरोबर बदलतो. 'द टीचर इज लेट' म्हणजे गुरुजींना उशीर झाला, पण 'द लेट टीचर' म्हणजे गुरुजी वारले. एका मुलाने रजेच्या अर्जात माझ्याविषयी ही दुसरी रचना वापरली होती. तो अर्ज मी जपून ठेवला आहे. 'माय फ्रेंड इज ओल्ड' म्हटले तर मित्र म्हातारा ठरतो, 'माय ओल्ड फ्रेंड' म्हटले तर मैत्री जुनी ठरते. मराठीने यासाठी 'म्हातारा' आणि 'जुना' असे दोन निराळे शब्द ठेवले आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जे शाळेचे 'ओल्ड स्टुडंट्स' आहेत त्यांनी त्या शब्दाने वाईट वाटून घेऊ नये.

आणि 'पुअर'? 'माय फादर इज पुअर' याचा अर्थ वडिलांजवळ पैसे नाहीत. ही वस्तुस्थिती झाली. पण 'अ पुअर बॉय' असे नामाआधी लावले की इंग्रजी कानाला त्यात 'बिचारा' असा दुसरा सूर ऐकू येतो. 'पुअर मॅन!' म्हणजे 'अरेरे, बिचारा!' आमचा आठवीतला मुलगा आपल्या घराची आर्थिक स्थिती सांगायला जातो आणि व्याकरण त्याच्याकडून दया मागवून घेते. मुलांना हे समजावले की वर्ग क्षणभर गप्प होतो.

एकाहून अधिक विशेषणे एका नामापुढे आली तर इंग्रजीत त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी मत, मग आकारमान, मग वय, मग रंग, मग उगम, मग कशाचे बनले ते. 'अ ब्यूटिफुल बिग ओल्ड रेड बस' हे ठीक, 'अ रेड ओल्ड बिग ब्यूटिफुल बस' हे कानाला खुपते. हा क्रम पाठ करण्यापेक्षा वाचनाने अंगवळणी पडतो, म्हणून त्यावर मी वर्गात फार वेळ घालवीत नाही. एवढेच सांगतो की बोलणाऱ्याचे मत नामापासून सर्वांत दूर असते आणि वस्तूचा खरा, न बदलणारा गुण नामाला चिकटून असतो.

तरतमभाव हा भाग मात्र रेंगाळण्याजोगा आहे. इंग्रजीत 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' अशा तीन पायऱ्या. लांब विशेषण असेल तर 'मोर' आणि 'मोस्ट'. मराठी विशेषण तुलनेत बदलतच नाही. 'राहुल आनंदपेक्षा उंच आहे', 'राहुल सर्वांत उंच आहे', यात 'उंच' जागचे हलले नाही. तुलनेचे काम 'पेक्षा' आणि 'सर्वांत' यांनी केले. मुलाला दोन्ही पद्धती ठाऊक झाल्या की ते त्या एकत्र करते आणि 'मोर टॉलर' लिहिते. ही चूक फक्त आमच्याच मुलांची आहे, असे कोणी समजू नये. संस्कृतातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे प्रत्यय एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'वरिष्ठ', 'श्रेष्ठ' ही सारी तिसऱ्या पायरीची रूपे. तेव्हा 'सर्वश्रेष्ठ' आणि 'श्रेष्ठतम' म्हणणारे मोठमोठे वक्ते व्याकरणाच्या दृष्टीने 'मोर टॉलर'च म्हणत असतात. व्यासपीठावर ते खपते, उत्तरपत्रिकेत गुण जातात.

श्रेष्ठ आणि कनिष्ठ हे शब्द उच्चारताच आपल्या समाजातील वाचकाच्या मनात काय येते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. जातिव्यवस्थेचे बाबासाहेबांनी केलेले वर्णन 'श्रेणीबद्ध विषमता' असे आहे. साधी विषमता म्हणजे वरचा आणि खालचा, दोनच बाजू. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो आणि प्रत्येकाच्या खालीही कोणीतरी, अगदी शेवटचा सोडून. ही तरतमभावाची शिडीच आहे. तिच्यात एक व्याकरणिक लबाडीही आहे. इंग्रजीत तुलनेच्या रूपानंतर 'दॅन' यावे लागते : कोणापेक्षा उंच, कोणापेक्षा मोठा? परंतु 'अपर' हे तुलनेचे रूप असूनही त्याच्यामागे 'दॅन' येत नाही. 'अपर कास्ट' म्हणताना कोणापेक्षा वर, कोणत्या मोजमापाने वर, हे विचारायची सोयच भाषा ठेवत नाही. मराठीत 'उच्चवर्णीय' या शब्दाचे तेच झाले. म्हणून आपले लेखक त्याआधी 'तथाकथित' लिहितात. 'तथाकथित' हे मोठे उपयोगी विशेषण आहे. ते नामाचा गुण सांगत नाही, पुढच्या विशेषणाच्या खरेपणावर बोट ठेवते.

काही विशेषणांना पायऱ्याच नसतात. 'डेड', 'युनिक', 'इक्वल' यांना 'मोर' लावता येत नाही. एखादी व्यक्ती समान असते किंवा नसते. घटनेच्या अनुच्छेद १४ वरील धडा नागरिकशास्त्रात आला की मी तिथे हा व्याकरणाचा मुद्दा हळूच घुसवतो.

आता मुलांच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येऊ. 'आय ॲम बोरिंग', 'आय ॲम इंटरेस्टिंग इन क्रिकेट.' मुलाला म्हणायचे असते की मला कंटाळा आला, आणि ते म्हणते की मी कंटाळवाणा आहे. क्रियापदापासून इंग्रजीत दोन तऱ्हेची विशेषणे होतात. 'इंग' लागलेले विशेषण परिणाम घडवणाऱ्याचे असते, 'एड' लागलेले विशेषण परिणाम भोगणाऱ्याचे. तास 'बोरिंग', विद्यार्थी 'बोअर्ड'. मराठीतही हे धातुसाधित विशेषणांच्या रूपाने आहे. 'मारणारा' आणि 'मारलेला' यांत गल्लत कोणतेही मराठी मूल करीत नाही. म्हणून मी आधी मराठी जोडी लिहून घेतो, मग इंग्रजी. दोन दिवसांत चूक सुटते.

'एड'च्या या विशेषणांत एक माणूस लपलेला असतो. 'ब्रोकन विंडो' म्हटले की कोणीतरी किंवा कशाने तरी ती फोडली, हे त्यात गृहीत असते. संस्कृतातला 'त' किंवा 'इत' हा प्रत्यय हेच काम करतो : कृत, लिखित, शिक्षित, पीडित. याच्याशेजारी 'एबल'ची विशेषणे ठेवून पाहावीत. 'रीडेबल' म्हणजे वाचता येण्याजोगे, 'वॉशेबल' म्हणजे धुता येण्याजोगे. यात करणारा माणूस दिसत नाही, गुण जणू त्या वस्तूतच असतो. आता 'अनटचेबल' हा शब्द फोडा. शिवायचे नाही असे ठरवले कोणी? शब्द सांगत नाही. दोष ज्याला शिवायचे नाही त्याच्याच अंगी असल्यासारखा तो बोलतो. संस्कृत 'अस्पृश्य' त्याहून पुढे जातो. त्यातला 'य' हा प्रत्यय योग्यता आणि कर्तव्य दाखवतो. 'पूज्य' म्हणजे पुजावा असा, 'वंद्य' म्हणजे वंदावा असा, 'अस्पृश्य' म्हणजे शिवू नये असा. विशेषणाचे रूप घेतलेला तो एक हुकूम आहे.

हे लक्षात ठेवून बाबासाहेबांच्या नियतकालिकांची नावे वाचावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. 'मूक' हे साधे गुणविशेषण आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आले. 'बहिष्कृत' हे 'त' प्रत्ययाचे विशेषण आहे. ते उच्चारताच बहिष्कार टाकणारा समोर उभा राहतो आणि त्याला जाब विचारता येतो. तीन वर्षे आधी, १९२४ मध्ये, स्थापन झालेल्या 'बहिष्कृत हितकारिणी सभे'च्या नावातही हेच विशेषण आहे. आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. 'प्रबुद्ध' हेही 'त' प्रत्ययाचेच रूप, मात्र यात दुसऱ्याने केलेला अन्याय नाही, स्वतः जागे होणे आहे. मुका, बाहेर टाकलेला, जागा झालेला : छत्तीस वर्षांचा इतिहास तीन विशेषणांत मावतो. बाबासाहेबांनी हे व्याकरण मनात धरून नावे ठेवली, असा दावा मी करणार नाही. परंतु शब्दांचे वजन त्यांच्याइतके कोण जाणत होते? शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्याऐवजी फारसी घ्यावी लागली, त्याच विद्यार्थ्याने पुढे पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड तोच आहे. आपल्या ग्रंथालयात तो आहे, पण त्याची पाने फार उलटली गेलेली दिसत नाहीत.

विशेषणासाठी बाबासाहेब प्रत्यक्ष भांडलेही आहेत. ब्रिटिश कागदपत्रांत 'डिप्रेस्ड क्लासेस' असा शब्द होता. 'एड'चे विशेषण असल्यामुळे त्यात दाबणारा गृहीत होता, तरी चित्र दीनवाणे उभे राहत होते. गोलमेज परिषदेला नोव्हेंबर १९३१ मध्ये बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पूरक निवेदन दिले त्यात या नावाला हरकत घेतली आणि 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' असे पर्याय सुचवले. या पर्यायांत काय आहे पाहा. 'प्रोटेस्टंट' म्हणजे निषेध करणारा. भोगणाऱ्याचे विशेषण टाकून करणाऱ्याचे विशेषण मागितले गेले. त्याच साली जनगणना आयुक्त हटन यांनी 'एक्स्टेरियर कास्ट्स' असा शब्द वापरला होता. पुढे १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले. 'शेड्यूल्ड', म्हणजे अनुसूचित, हे सर्वांत कोरडे विशेषण आहे. यादीत नाव आहे, एवढेच ते सांगते. गुण नाही, अवगुण नाही, दया नाही. मला स्वतःला हा कोरडेपणा आवडतो. कार्यालयाने माणसाविषयी याहून अधिक बोलूही नये.

'हरिजन' हा शब्द तर विशेषणच नाही, ते नाम आहे. त्यात अन्याय करणारा नाही, अन्याय झाल्याची खूण नाही, केवळ देवाशी जोडलेले एक गोड नाते आहे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकाद्वारे हे नाव कायद्यात आणले जाऊ लागले तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध करून सभागृहाबाहेर गेले. एका शब्दासाठी एवढे कशाला, असे आजही कोणी विचारतात. ज्याला तो शब्द आयुष्यभर अंगावर वागवायचा असतो तो असे विचारीत नाही.

१९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी 'ब्रोकन मेन' ही संज्ञा मांडली. मूळ टोळीपासून तुटलेली, फुटलेली माणसे. 'ब्रोकन' हे पुन्हा भोगणाऱ्याचे विशेषण, आणि त्याच्या अगदी जवळचा संस्कृत शब्द म्हणजे 'दलित'. 'दल्' म्हणजे फुटणे, तुकडे होणे. आपल्यातच या शब्दाविषयी दोन मते आहेत. धम्म स्वीकारल्यावर आम्ही बौद्ध आहोत, दलित का म्हणवून घ्यावे, असे एक मत. अन्याय करणाऱ्याचे नाव पुसू नये म्हणून तो शब्द राहावा, हे दुसरे. २०१८ साली केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना हा शब्द टाळण्याची सूचना केली तेव्हा ही चर्चा पुन्हा पेटली. घरी मी पहिल्या मताचा आहे, वर्गात इतिहास शिकवताना दुसऱ्या.

शासनदरबारी आपल्यासाठी आणखी एक विशेषण आहे, 'नव'. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे शब्द शिष्यवृत्तीच्या अर्जापासून निवासी शाळांच्या पाट्यांपर्यंत सर्वत्र दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर काही वर्षे 'नव' म्हणणे समजू शकते. आता त्या दिवशी नागपुरात कडेवर असलेल्या मुलांची नातवंडे शाळेत येतात, आणि तीही नवीच. नवी मुंबईचेही तसेच आहे म्हणा, पण शहराला त्याचे दुःख नसते. 'न्यू' या विशेषणाला मुदत नसते, ती वापरणाऱ्याने ठरवायची असते.

माझ्या विद्यार्थिदशेत एका शाळेत आम्हा मुलांना हजेरीच्या वेळी 'सवलतवाले' म्हणून वेगळे उभे करीत. नाम तेच, मुलगा, पण ते कोणी उच्चारीतच नसे. विशेषणच नाम झाले होते. इंग्रजीत ही क्रिया 'द' लावून होते. 'द पुअर', 'द रिच', 'द ब्लाइंड', आणि क्रियापद अनेकवचनी, 'द पुअर आर'. 'द पुअर्स' म्हणू नये, कारण मूळ विशेषण आहे आणि त्याला अनेकवचन नाही. मराठीत विशेषणाला थेट विभक्ती लावून 'गरिबांना', 'थोरांचा' असे म्हणतो. सोय मोठी आहे, पण हिच्यात विशेष्य गळते. माणूस हा शब्दच वाक्यातून निघून जातो. अपंगत्वाविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'पर्सन्स' हा शब्द अपंगत्वाच्या आधी ठेवला आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा.

मात्र हीच क्रिया उलट्या दिशेनेही जाते. आपल्या मुंबईने 'लोकल' या विशेषणाचे नाम केले, ते इतके की मुळात ते 'लोकल ट्रेन' होते हे कोणाला आठवतही नाही. 'स्लो गेली, फास्ट पकड' यात गाडी हा शब्द नाही, तरी स्त्रीलिंग शिल्लक आहे. आणि आपण ज्यांना वंदन करतो त्यांचे नाव? सिद्धार्थ हे नाम. 'बुद्ध' हे 'बुध्' धातूला 'त' लागून झालेले विशेषण, जागा झालेला. 'द बुद्धा' या इंग्रजी शब्दांत 'द' का येतो, असे मुले नेहमी विचारतात, कारण माणसाच्या नावापुढे 'द' लावू नये, असे मीच शिकवलेले असते. उत्तर असे की ते मुळात नाव नव्हे, मिळवलेले विशेषण आहे. सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवंतांनी नीच कोण, श्रेष्ठ कोण, याचे उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा की ही विशेषणे जन्माने लागत नाहीत, कर्माने लागतात.

अष्टांगिक मार्गात पालीतला 'सम्मा' हा शब्द अव्यय आहे. इंग्रजीत त्याचे 'राइट' असे विशेषण झाले आणि मराठीत 'सम्यक'. आठही पायऱ्यांपुढे एकच विशेषण, आणि त्याला तुलनेची रूपे नाहीत. दहावीच्या एका मुलीने मला विचारले होते की 'मोर राइट' का म्हणत नाहीत. तिला जे उत्तर दिले ते अजून मला पुरेसे वाटत नाही.

विशेषणांची एक यादी घटनेच्या उद्देशिकेतही आहे. २६ नोव्हेंबर १९४९ च्या मूळ मसुद्यात गणराज्यापुढे सार्वभौम आणि लोकशाही ही दोन विशेषणे होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष ही दोन त्यांच्या मध्ये आली. ही दोन विशेषणे घालावीत, असा प्रस्ताव प्रा. के. टी. शहा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिल्या अनुच्छेदासाठी मांडला होता. बाबासाहेबांनी तो स्वीकारला नाही. समाजवादाविषयी त्यांचा मुद्दा असा की समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, आणि त्यातला आवश्यक भाग मार्गदर्शक तत्त्वांत आलेलाच आहे. विशेषण लिहून ठेवण्यापेक्षा तरतूद लिहून ठेवणे त्यांना अधिक भरवशाचे वाटले, असे मी याचे वाचन करतो.

पालकांसाठी एक सूचना. मुलाचा इंग्रजी निबंध तपासताना विशेषणांखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि प्रत्येकापाशी विचारावे की हे कशावरून? 'माय स्कूल इज गुड', कशावरून? मग मूल सांगू लागते की ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे असते, की भातात खडे नसतात. ते इंग्रजीत लिहून घ्यावे. निबंध आपोआप सुधारतो. इंग्रजी येत नसलेल्या आईलाही हे करता येते, कारण प्रश्न मराठीतच विचारायचा असतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये 'आय ॲम अ पुअर बॉय' लिहिणाऱ्या एका मुलाला मी हीच रेघ मारून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी त्याने त्या जागी तीन वाक्ये लिहून आणली. वडील मंडईत हमाली करतात, पहाटे तीनला उठतात, आणि 'ही इज टायर्ड ॲट नाइट बट ही चेक्स माय होमवर्क.' टायर्डच्या स्पेलिंगमध्ये 'ई' राहिला होता, तेवढा मी घातला.